तिमाही पत्रक : करवीरचा १९०२ चा हुकूम आणि त्यातले न वाचलेले कलम

१/ करवीर संस्थानाचा २६ जुलै १९०२ चा हुकूम महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी किमान निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, हा त्याचा आशय. मात्र त्या हुकमाचे शेवटचे कलम सहसा वाचले जात नाही. त्यात तत्त्वचर्चा नाही. त्यात फक्त एक पत्रक मागवलेले आहे. हा थ्रेड त्या पत्रकाविषयी, आणि सरकारी नोकरांची मोजणी हा राजकारणाचा विषय कसा झाला याविषयी. 🧵

२/ या हुकमाबरोबर एक गोष्ट हमखास सांगितली जाते. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर शाहू महाराजांकडे तक्रार घेऊन आले. महाराजांनी त्यांना पागेत नेले, सगळ्या घोड्यांची चंदी एकत्र टाकून दाखवली. धडधाकट घोड्यांनी दुबळ्यांना जवळही येऊ दिले नाही. गोष्ट प्रभावी आहे आणि म्हणूनच तिने मूळ दस्तऐवज झाकून टाकला आहे. हुकमात घोडे नाहीत. त्यात जागा, टक्के, खाती आणि मुदती आहेत.

३/ हुकमाचा सारांश असा. हुकूम पोहोचल्या तारखेपासून ज्या जागा रिकाम्या होतील त्यांपैकी किमान शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. ज्या कचेरीत या वर्गांच्या अंमलदारांचे प्रमाण शेकडा ५० पेक्षा कमी असेल, तेथे पुढची नेमणूक याच वर्गातून करावी. आणि हुकमानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचे तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने सरकारकडे पाठवावे. शेवटी, मागासलेले वर्ग म्हणजे कोण, याची एक टीप.

४/ हुकूम निघाला तेव्हा महाराज संस्थानात नव्हते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले होते. २६ जूनला ठरलेला समारंभ राजाच्या आजारपणामुळे ९ ऑगस्टवर गेला आणि त्या लांबलेल्या मुक्कामाच्या काळातच करवीरच्या गॅझेटात हा हुकूम प्रसिद्ध झाला. राजा हजारो मैल दूर असताना खातेप्रमुखांनी तो पाळावा, ही अपेक्षा होती. पत्रकाच्या कलमाचे महत्त्व येथूनच लक्षात येऊ लागते.

५/ थोडी पूर्वपीठिका. कागलकर घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. वय १० वर्षांचे. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांच्या हाती राज्याधिकार आले. मधली १० वर्षे कारभार रीजन्सीच्या हाती होता. म्हणजे गादीवर राजा असला तरी संस्थान चालवत होती ती कचेरी.

६/ या कचेरीची ताकद कोल्हापूरने आधीही पाहिली होती. चौथ्या शिवाजी महाराजांच्या काळात दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर 'केसरी' आणि 'मराठा'ने टीका केली. त्यातून उभ्या राहिलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढच्याच वर्षी ते महाराज अहमदनगरला नजरकैदेत असताना मरण पावले. राजा कोणीही असो, प्रशासन कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून असते, हा धडा ताजा होता.

७/ १८९४ मध्ये तरुण शाहू महाराजांपुढे जी संस्थानी नोकरवर्गाची स्थिती होती, ती अशी : सामान्य प्रशासनातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण, उरलेल्या ११ वर ब्राह्मणेतर. टक्केवारीत सांगायचे तर सुमारे शेकडा ८५ आणि शेकडा १५. कारकुनांच्या जागा सुमारे ५००. त्यांत ब्राह्मणेतर १०. म्हणजे शेकडा २.

८/ या संख्यांशेजारी आणखी एक संख्या ठेवली पाहिजे. १९०१ च्या शिरगणतीत जहागिरींसह कोल्हापूरची लोकसंख्या सुमारे ९ लाख १० हजार होती. त्यात ब्राह्मणांचे प्रमाण शेकडा ५ हूनही कमी. शिरगणतीचे पुस्तक आणि कचेरीचा हजेरीपट ही दोन्ही कागदपत्रे आधीपासून अस्तित्वात होती. ती एकमेकांशेजारी ठेवून वाचली गेली, तेव्हा तिसरी गोष्ट दिसली : प्रमाण.

९/ अशी स्थिती कशी निर्माण झाली? त्याला एकाच व्यक्तीचे कारस्थान पुरेसे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. ब्रिटिश धर्तीचा कारभार कागदावर चालतो. मोडी लिहिता येणे, हिशेब ठेवणे आणि पुढे इंग्रजी परीक्षा उत्तीर्ण होणे, ही नोकरीची अट बनली. ज्या समाजात लेखनवाचन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, त्याच्या मुलांना ही अट सर्वांत आधी आणि सर्वांत सहज पूर्ण करता आली.

१०/ दुसरे कारण 'उमेदवारी'. त्या काळच्या कचेऱ्यांत मुलगा आधी उमेदवार म्हणून बसे. पगार नाही. नकला करायच्या, दप्तर बांधायचे, काम पाहून शिकायचे; जागा रिकामी झाली की नेमणुकीची आशा. विनावेतन वर्ष-दोन वर्षे शहरात राहणे ज्याच्या घरच्यांना परवडेल आणि ज्याचा कोणी आप्त कचेरीत असेल, त्यालाच हा मार्ग खुला. शेतकऱ्याच्या मुलाला तो जवळजवळ बंद होता. नियमात मात्र त्याला कोठेही मज्जाव नव्हता.

११/ तिसरे कारण माहितीचे. जागा रिकामी होणार हे आधी कळते ते कचेरीत बसलेल्यांना. शिफारस करतात तेही तेच. वरिष्ठाने आपला भाचा किंवा गावचा ओळखीचा मुलगा पुढे केला, तर त्यात त्याला स्वतःला अन्याय दिसतही नसेल. मुलगा हुशार असे, काम चोख करी. प्रत्येक नेमणूक सुटी पाहिली तर समर्थनीय. ५०० नेमणुका एकत्र मोजल्या तर ४९० विरुद्ध १०.

१२/ येथे मोजणीचे काम काय असते ते दिसते. एकेका नेमणुकीवर वाद घालता येतो आणि तो बहुधा उमेदवाराच्या गुणांवर संपतो. एकूण आकड्यावर तसा वाद चालत नाही. ९ लाखांच्या संस्थानात शेती करणाऱ्या, पशुपालन करणाऱ्या, विणणाऱ्या, घडवणाऱ्या समाजांत मिळून कारकुनीला योग्य अशी १० च माणसे आहेत, असे म्हणण्याची पाळी येते. ते म्हणणे कोणालाही अवघड जाते.

१३/ हा प्रश्न नवा नव्हता. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) आणि 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) यांतून सरकारी खात्यांतील एकाच जातीच्या वर्चस्वावर कठोर टीका केली होती. १८८२ च्या हंटर कमिशनपुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण खालच्या थरांपर्यंत नेण्याची मागणी केली. फुल्यांपाशी निरीक्षण होते, युक्तिवाद होता; राज्ययंत्रणा नव्हती. कोल्हापुरात २० वर्षांनी तो युक्तिवाद अशा हाती आला, ज्याला नेमणूक करण्याचा अधिकार होता.

१४/ याच काळात सरकारी नोकरांची मोजणी आणखी एका मोठ्या वादात वापरली जात होती. दादाभाई नौरोजी आणि काँग्रेसचे नेते सनदी सेवेत इंग्रज किती आणि हिंदी किती, हे मोजून दाखवत होते. आयसीएसची परीक्षा फक्त लंडनला होई. १८७८ पासून कमाल वय २१ वरून १९ वर आणले गेले. कायद्याने कोणालाही मनाई नव्हती. पण १९ व्या वर्षाच्या आत समुद्र ओलांडून परीक्षा देणे किती हिंदी मुलांना शक्य होते?

१५/ परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी व्हावी, असा ठराव १८९३ मध्ये ब्रिटिश लोकसभेत संमतही झाला. प्रशासनाने तो अमलात आणला नाही. कारण काय दिले गेले? कार्यक्षमता घटेल, सेवेचा दर्जा उतरेल, आणि फक्त पुस्तकी हुशारीच्या बळावर एकाच प्रकारचे लोक भरले जातील. हिंदुस्थानात परीक्षा प्रत्यक्ष सुरू व्हायला १९२२ साल उजाडले.

१६/ हे दोन्ही वाद शेजारी ठेवले की एक साम्य डोळ्यांत भरते. लंडनमध्ये 'लायकी' हा शब्द हिंदी उमेदवारांविरुद्ध वापरला जात होता. कोल्हापुरात तोच शब्द ब्राह्मणेतर उमेदवारांविरुद्ध. पहिल्या वादात आकडे मांडून अन्याय सिद्ध करणाऱ्यांपैकी पुष्कळांना दुसऱ्या वादातले आकडे जातिद्वेषाचे वाटले. युक्तिवाद एकच होता. तो घराच्या आत वळला, तेव्हा त्याचे स्वागत बदलले.

१७/ शाहू महाराजांनी थेट हुकमापासून सुरुवात केली नाही. १८९५ मध्ये भास्करराव जाधव यांच्यासारखा उच्चविद्याविभूषित मराठा तरुण त्यांनी संस्थानच्या सेवेत घेतला. अशी माणसे मोजकीच होती. हा पुरवठ्याचा प्रश्न आहे, हे महाराजांना लवकर कळले. १८९६ मध्ये सर्व जातींसाठी एक वसतिगृह सुरू झाले. तेथेही ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच प्राबल्य राहिले, कारण कॉलेजपर्यंत पोहोचणारे विद्यार्थी बहुतांशी तेच होते. दार सर्वांना उघडे ठेवून संख्या बदलली नाही.

१८/ यानंतर धोरण बदलले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायतांचे, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही आक्षेप होते आणि आजही आहेत. पण खेड्यातल्या मुलाला शहरात राहण्याची जागा आणि जेवण मिळाल्याशिवाय परीक्षेची अट पूर्ण होणे अशक्य होते. नोकरीचा हुकूम या साखळीतील पुढचा दुवा होता.

१९/ वेदोक्त प्रकरण याच वर्षांतले. १८९९ च्या सुमारास सुरू झालेला हा वाद, छत्रपतींच्या घरचे विधी वेदोक्त मंत्रांनी व्हावेत की पुराणोक्त, यावर पेटला आणि १९०२ मध्ये राजोपाध्यांचे वतन जप्त होण्यापर्यंत गेला. हुकूम म्हणजे या अपमानाचा सूड, असे विरोधक म्हणत. पण १८९६ चे वसतिगृह आणि १८९५ ची नेमणूक या वादाच्या आधीची आहेत. वादाने निर्धार पक्का केला असेल. दिशा मात्र आधीच ठरली होती.

२०/ आता हुकमाची यंत्रणा. पहिली गोष्ट : तो रिकाम्या होणाऱ्या जागांना लागू होतो. सेवेत असलेल्या कोणालाही काढून टाकण्याचा आदेश त्यात नाही. निवृत्ती, मृत्यू, बदली किंवा नव्या पदाची निर्मिती झाली की निम्म्या जागांवर नियम लागू. म्हणजे बदल हळूहळू, एकेका जागेने होणार होता. अशा संथ बदलाचा धोका उघड आहे. तो कोणाच्या लक्षात येणार नाही अशा रीतीने थांबवताही येतो.

२१/ दुसरी गोष्ट : प्रमाण मोजण्याचे एकक 'कचेरी' आहे. सबंध संस्थानाचा एकत्रित आकडा घेतला असता, तर शिपाई, पहारेकरी आणि पागेतली माणसे मिळवून निम्मे प्रमाण सहज दाखवता आले असते. प्रत्येक कचेरीतल्या अंमलदारांचे प्रमाण पाहायचे ठरवल्याने ही पळवाट बरीच बंद झाली. कोणत्या भाजकाने भागायचे, हा प्रश्न गणिताचा दिसतो. पण सगळा हुकूम त्यावर उभा आहे.

२२/ तिसरी गोष्ट, तिमाही पत्रक. संस्थानचे प्रशासकीय अहवाल वर्षातून एकदा निघत. वर्षअखेरीस अहवाल येईपर्यंत नेमणुका होऊन गेलेल्या असतात. त्या बदलणे अवघड. तीन महिन्यांनी येणारे पत्रक पुढच्या नेमणुकीआधी हुजुरांच्या हाती पडते. शिवाय ते भरायचे खातेप्रमुखाने, स्वतःच्या नावाने. 'लायक उमेदवार मिळाला नाही' हे वाक्य एका तिमाहीत लिहिता येते. सलग आठ तिमाह्यांत तेच लिहिणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

२३/ नेमणुका ज्यांच्या हातात होत्या त्यांच्याकडूनच नेमणुकांचा हिशेब मागणे, हे या कलमाचे सार आहे. ज्यांच्या हितसंबंधांना धक्का बसणार होता, तेच हुकमाची अंमलबजावणी करणारे होते. राजाला सगळी कचेरी एका दिवसात बदलता येणार नव्हती. तो फक्त एवढेच करू शकत होता की कचेरीने स्वतःला मोजावे आणि तो आकडा वेळेवर पाठवावा.

२४/ आता ती टीप. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व म्हणजे मागासलेले, अशी व्याख्या हुकमात आहे. मागासलेल्या जातींची यादी नाही. पुढारलेल्यांची आहे, तीही अपुरी. संपूर्ण समाजाचे दोन भाग पडतात : चार नावे आणि 'इतर', व उरलेले सर्व. मराठे, जैन, लिंगायत, मुसलमान, धनगर, महार, मांग हे सर्व एकाच रकान्यात आले.

२५/ संस्थानाचे दिवाण तेव्हा रघुनाथ व्यंकाजी सबनीस होते, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. हुकमाच्या व्याख्येनुसार ते 'पुढारलेल्या' वर्गातले. 'ब्राह्मण–ब्राह्मणेतर' अशा तक्त्यात मात्र त्यांचे नाव ब्राह्मणेतरांच्या रकान्यात पडणार. एकच माणूस दोन सरकारी कागदांत दोन वेगळ्या बाजूंना. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही विसंगती लक्षात ठेवावी, कारण पुढचे आकडे वाचताना ती उपयोगी पडते.

२६/ १९१२ चे आकडे : अधिकारपदे ९५, ब्राह्मण ३५, ब्राह्मणेतर ६०. १८९४ मध्ये शेकडा १५ असलेले ब्राह्मणेतरांचे प्रमाण शेकडा ६३ वर गेले. १८ वर्षांत एवढा पालट क्वचितच कोणत्या नोकरशाहीत झाला असेल. शाहूचरित्रांत हे आकडे अभिमानाने दिले जातात आणि ते योग्यच आहे. पण आकडे उद्धृत करून थांबू नये. ते सोडवून पाहावेत.

२७/ एकूण पदे ७१ वरून ९५ झाली, म्हणजे २४ वाढली. ब्राह्मण अधिकारी ६० वरून ३५ झाले, म्हणजे २५ ने घटले. ब्राह्मणेतर ११ वरून ६० झाले, म्हणजे ४९ ने वाढले. या ४९ पैकी साधारण निम्मी वाढ प्रशासनाच्या विस्तारातून आली आणि निम्मी रिकाम्या झालेल्या जुन्या जागांतून. वाढत्या कारभारात नव्यांना सामावून घेणे सोपे जाते. जेथे पदे गोठलेली असतात तेथे हाच नियम किती तरी कठोर भासतो.

२८/ आता रकान्यांची विसंगती आठवा. तक्ता 'ब्राह्मणेतर' मोजतो. हुकूम 'मागासलेले' मोजायला सांगतो. प्रभू, शेणवी आणि पारशी यांच्यापैकी निदान प्रभू आणि पारशी तरी तक्त्यात यशाच्या बाजूला गेलेले असणार. म्हणून शेकडा ६३ हा आकडा ब्राह्मण वर्चस्व किती घटले हे अचूक सांगतो. मागासलेल्या वर्गांना किती मिळाले हे सांगताना तो सैल पडतो. दोन प्रश्न वेगळे आहेत, म्हणून उत्तरेही वेगळी.

२९/ दुसरी अडचण अधिक गंभीर. 'उरलेले सर्व' या रकान्यात सत्ताधारी घराण्याच्या जवळचा शिकलेला मराठा आणि गावकुसाबाहेरचा महार एकत्र मोजले जातात. रकाना भरला म्हणजे त्यातील प्रत्येकाला वाटा मिळाला, असे होत नाही. जी विषमता ब्राह्मण–ब्राह्मणेतर तक्त्याने उघडी केली, तशीच विषमता त्या तक्त्याच्या दुसऱ्या रकान्याआड झाकली गेली.

३०/ शाहू महाराजांना हे जाणवले होते, असे त्यांच्या नंतरच्या हुकमांवरून दिसते. १९१७ नंतर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, १९१८ मध्ये महार वतनाच्या जाचातून सुटका, अस्पृश्य तरुणांना तलाठी म्हणून नेमणे, वकिलीच्या सनदा देणे ही पावले वेगळ्या रीतीने टाकली गेली. १९२० मध्ये माणगाव परिषदेत ते डॉ. आंबेडकरांसह व्यासपीठावर होते. निम्म्या जागांच्या सर्वसाधारण नियमाने जे साधत नव्हते, त्यासाठी नाव घेऊन उपाय करावे लागले.

३१/ १९१८ मध्येच कुलकर्णी वतनेही बरखास्त झाली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी आले. याकडेही मोजणीच्या अंगाने पाहता येते. गावची जमीन, पीक, सारा, थकबाकी हे सर्व कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. संस्थानाला गावाविषयी जे ठाऊक होते ते वंशपरंपरागत लेखणीतून आलेले होते. १९०२ मध्ये प्रश्न होता कचेरीत कोण बसतो. १९१८ मध्ये तो झाला : गावाचा आकडा कोण लिहितो.

३२/ हा प्रश्न आता कोल्हापुरापुरता राहिला नव्हता. मद्रास इलाख्यात लोकसेवा आयोगापुढे १९१३ मध्ये आलेले आकडे गाजले : १९१२ मधील १२८ कायम जिल्हा मुन्सफांपैकी ९३ ब्राह्मण, २५ ब्राह्मणेतर हिंदू, १४० डेप्युटी कलेक्टरांपैकी ७७ ब्राह्मण. डिसेंबर १९१६ च्या ब्राह्मणेतर जाहीरनाम्याचा कणा हेच तक्ते होते. एका राजकीय पक्षाचा जन्म सरकारी नोकरांच्या मोजणीच्या आधारे झाला.

३३/ म्हैसूर संस्थानात १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सात वर्षांत वरच्या जागांपैकी निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन तृतीयांश जागा मागासलेल्या समाजांकडे याव्यात, अशी तिची शिफारस. दिवाण विश्वेश्वरय्या यांचा भर गुणवत्तेवर होता. या प्रश्नावर महाराजांशी मतभेद होऊन ते त्याच वर्षाच्या अखेरीस पदावरून दूर झाले. दोघेही प्रामाणिक होते आणि दोघांपुढे आकडे एकच होते.

३४/ मुंबई सरकारने १९२५ मध्ये जी व्याख्या स्वीकारली तीही वगळण्याच्याच पद्धतीची : ब्राह्मण, प्रभू, मारवाडी, पारशी, बनिया आणि ख्रिस्ती सोडून बाकी मागासलेले. करवीरच्या टीपेची छाया येथे स्पष्ट दिसते. पुढे स्टार्ट समितीने, जिचे डॉ. आंबेडकर सदस्य होते, १९३० मध्ये हा मोठा रकाना फोडला : दलित वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागासवर्ग. २९ व्या पोस्टमधली अडचण अशा रीतीने शासकीय वर्गीकरणात प्रथमच मान्य झाली.

३५/ राज्यघटनेच्या कलम १६(४) मध्ये राज्याच्या सेवेत ज्यांना 'पुरेसे प्रतिनिधित्व' नाही अशा मागासवर्गांचा उल्लेख आहे. पुरेसे की अपुरे, हे मोजल्याशिवाय कसे ठरणार? २००६ च्या नागराज निकालात सर्वोच्च न्यायालयाने पदोन्नतीतील आरक्षणासाठी संख्यात्मक माहिती मागितली. खातेप्रमुखाने भरून पाठवायचे ते तिमाही पत्रक म्हणजे याच मागणीचे संस्थानी रूप.

३६/ आकडा तोच, अर्थ उलटा, असेही घडते. करवीरच्या हुकमात शेकडा ५० ही किमान मर्यादा होती. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालानंतर शेकडा ५० ही सर्वसाधारणपणे कमाल मर्यादा झाली. २०२१ मध्ये मराठा आरक्षणाच्या निकालात आयोगाने लोकसंख्येच्या प्रमाणाशी ताडलेले नोकऱ्यांचे आकडे न्यायालयाने वेगळ्या रीतीने वाचले : घटनेतला शब्द 'पुरेसे' आहे, 'प्रमाणशीर' नव्हे. भाजक बदलला आणि निष्कर्ष बदलला.

३७/ म्हणून १९०२ चा हुकूम वाचताना पहिल्या कलमाबरोबर शेवटचेही वाचावे. निम्म्या जागांचे वचन कोणताही उदार राजा देऊ शकतो. दर तीन महिन्यांनी खात्याखात्याकडून हिशेब मागणे, हे त्या वचनाला अमलात आणणारे काम होते. आणि प्रत्येक तक्ता समोर आला की तीन प्रश्न विचारावेत : तो कोणी भरला, रकाने कोणी आखले, आणि एका रकान्यात कोणाकोणाला एकत्र घातले?

३८/ शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत निवर्तले. सरकारी कचेऱ्यांत कोण किती, हा प्रश्न आजही विधिमंडळात, न्यायालयात आणि रस्त्यावर विचारला जातो. तो विचारणाऱ्याला जातिवादी ठरवण्याची घाई १९०२ मध्ये झाली होती, आजही होते. अशा वेळी पागेतल्या घोड्यांची गोष्ट जरूर सांगावी. पण तिच्यासोबत ५०० कारकुनांपैकी १० हा आकडाही सांगावा.

(समाप्त)